घरच्या दाराला परकं कुलूप

हल्ली घरोघरी एक छोटी डबी असते. भिंतीला खिळ्यावर टांगलेली, नाहीतर टीव्हीच्या मागं धुळीत बसलेली. तिच्यावर दोन-चार हिरवे दिवे लुकलुकत असतात. घरातले फोन, टीव्ही, मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप, सगळं या डबीच्या जिवावर चालतं. पण दिवे विझेपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. ही डबी म्हणजे राउटर. तिच्या पोटात एक लहानसा संगणक असतो आणि त्या संगणकाचं स्वतःचं एक पान असतं. ब्राउझरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा आकडा टाकला की ते उघडतं. वाय-फायचा पासवर्ड बदलायचा, शेजारच्यानं गुपचूप जोडलेला फोन काढून टाकायचा, मुलांसाठी रात्रीची वेळ ठरवायची, हे सगळं तिथं करता येतं.

निदान करता यावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा असं होतं, की आकडा टाकल्यावर राउटरऐवजी ब्राउझरच बोलू लागतो. तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही, म्हणतो. एक लाल त्रिकोण, खाली अगम्य अक्षरांची ओळ, आणि कधीकधी तर पुढं जाण्याचं बटणही नाही. डबी आपली, पैसे आपण मोजलेले, हातभर अंतरावर ती समोर दिसते आहे. आणि आपल्याच संगणकातला एक प्रोग्रॅम आपल्याला तिच्या दारातून परत पाठवतो. माणूस चिडेल नाहीतर काय करेल?

हा नकार आला कुठून, हे शोधत मागं जावं तर आपण थेट १९९० च्या दशकातल्या अमेरिकेत पोचतो. आणि तिथं भेटतो तो शस्त्रास्त्रांच्या निर्यातीचा कायदा. घरातल्या डबीचा आणि रणगाड्यांचा काय संबंध, असं वाटेल. पण संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे.

१९९४ च्या अखेरीस नेटस्केप कंपनीचा ब्राउझर बाजारात आला. इंटरनेटवर दुकान थाटायचं तर गिऱ्हाइकाच्या क्रेडिट कार्डाचा नंबर वाटेत कोणी वाचू नये, हे या कंपनीनं लवकर ओळखलं. त्यासाठी तिनं एसएसएल नावाची पद्धत तयार केली. ब्राउझर आणि पलीकडचा संगणक आधी आपापसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मग पुढचं सगळं बोलणं त्या किल्लीनं कुलूपबंद होतं. पहिली आवृत्ती कंपनीनं बाहेर काढलीच नाही. दुसरी १९९५ साली आली, तिच्यात खोटी निघाली, म्हणून पॉल कोचर या तरुण तज्ज्ञाच्या मदतीनं १९९६ मध्ये तिसरी आली. नेटस्केपमध्ये या कामाचे प्रमुख शास्त्रज्ञ होते मूळचे इजिप्तचे ताहेर एलगमाल. आज पट्टीत ‘एचटीटीपीएस’ असं जे दिसतं, त्याचं मूळ हे.

किल्ली किती मोठी, यावर कुलपाची ताकद ठरते. नेटस्केपकडं १२८ बिटांची किल्ली तयार होती. पण त्या काळी अमेरिकी कायद्यानं गुप्तलेखनाची साधनं शस्त्रास्त्रांच्या यादीत घातली होती. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचा केवढा फायदा झाला, हे अमेरिका विसरली नव्हती. मजबूत कुलूप परदेशी विकायचं म्हणजे बंदूक विकण्यासारखं, असा सरकारी हिशेब होता. परिणाम असा झाला, की नेटस्केपनं एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्या काढल्या. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला १२८ बिटांची किल्ली आणि बाकी जगाला ४० बिटांची.

या कायद्यातल्या विसंगती मोठ्या गमतीच्या होत्या. फिल झिमरमन या गृहस्थानं १९९१ साली पीजीपी नावाचा गुप्तलेखनाचा प्रोग्रॅम लिहिला, तो परदेशात पोचला आणि त्याच्यामागं चौकशी लागली. मात्र पुस्तकावर बंदी नव्हती. तेव्हा १९९५ मध्ये त्या प्रोग्रॅमचा सगळा मजकूर एमआयटीच्या प्रकाशनानं चक्क पुस्तक म्हणून छापला! चौकशी जानेवारी १९९६ मध्ये सोडून देण्यात आली. त्याच सुमारास तरुण पोरं गुप्तलेखनाच्या तीन ओळी छापलेले टी-शर्ट घालून हिंडत होती आणि हा सदरा घालून विमानात बसलं तर शस्त्रनिर्यात होते का, असं विचारत होती.

आता या ४० बिटांचं काय झालं ते बघा. ४० बिटांच्या किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. आपल्याला हा आकडा अफाट वाटतो, यंत्राला वाटत नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये दामियाँ दोलिगे या फ्रेंच संशोधकानं आपल्या संस्थेतले सुमारे १२० संगणक आणि जोडीला दोन-तीन मोठी यंत्रं कामाला लावली आणि नेटस्केपच्या परदेशी आवृत्तीनं कुलूपबंद केलेला एक संदेश ८ दिवसांत उघडून दाखवला. योगायोग असा, की त्याच ऑगस्टच्या १५ तारखेला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. म्हणजे आपण या जगात पाऊल टाकलं तेव्हा अमेरिकेबाहेरच्या इतरांप्रमाणे आपल्या हातात जे कुलूप दिलं गेलं, ते उघडलं जाऊ शकतं हे ज्याला कळायचं त्याला कळून चुकलं होतं.

महिनाभरानं, सप्टेंबर १९९५ मध्ये, बर्कली विद्यापीठातल्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी त्याहून वाईट गोष्ट दाखवली. नेटस्केप गुप्त किल्ली बनवताना अंदाज लागू नये असा आकडा लागतो, आणि तो आकडा हा ब्राउझर काढत होता घड्याळातली वेळ आणि संगणकातले दोन क्रमांक यांवरून. वेळ कोणालाही कळते, क्रमांकांचा अंदाज बांधता येतो. मग १२८ बिटांची किल्ली असून उपयोग काय? मोठं कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली, असा तो प्रकार. नेटस्केपनं ही चूक लगेच दुरुस्त केली. पण हीच चूक पुढं राउटरमध्ये भेटणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

१९९६ च्या नोव्हेंबरात हा विषय शस्त्रास्त्रांच्या यादीतून काढून व्यापार खात्याकडं देण्यात आला आणि जानेवारी २००० मध्ये निर्बंध बहुतांशी उठले. कायदा गेला. प्रश्न संपला असं सर्वांनी मानलं.

पण प्रोग्रॅमच्या पोटातून तो गेला नाही. परदेशी गिऱ्हाइकासाठी मुद्दाम ठेवलेली दुबळी कुलपं लाखो यंत्रांत तशीच पडून राहिली. कोणी वापरत नव्हतं, म्हणून कोणी काढली नाहीत. जुन्या वाड्यात मागच्या बोळात उघडणारं एक दार असतं. पिढ्या बदलतात, ते दार आहे याचाच विसर पडतो आणि मग एक दिवस चोराला ते सापडतं. २०१५ साली तसंच झालं. मार्च महिन्यात ‘फ्रीक’ नावाचा दोष जाहीर झाला आणि मे महिन्यात ‘लॉगजॅम’.

लॉगजॅम जरा समजून घेण्यासारखा आहे. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली एक विलक्षण युक्ती मांडली होती. दोन अनोळखी माणसं भर चौकात, सगळ्यांच्या देखत बोलूनही आपसात एक गुपित ठरवू शकतात, अशी ती युक्ती. तिची सगळी मदार एका प्रचंड मोठ्या मूळ संख्येवर असते. निर्यातीच्या कायद्यामुळं ही संख्या ५१२ बिटांची करण्याची एक दुबळी वाट ठेवलेली होती. मधल्या वाटेवर बसलेला लबाड माणूस दोन्ही बाजूंना फसवून त्या दुबळ्या वाटेवर ढकलू शकतो, हे अमेरिकी आणि फ्रेंच संशोधकांच्या तुकडीनं दाखवून दिलं. एका संख्येवर आठवडाभर आधी गणित करून ठेवलं, की नंतर एकेक कुलूप उघडायला त्यांना साधारण मिनिटभर पुरत होतं. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या १० लाख संकेतस्थळांपैकी ८.४ टक्के या हल्ल्याला बळी पडू शकत होती.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी मग कडक पाऊल उचललं. जुलै २०१५ मध्ये फायरफॉक्सनं आणि सप्टेंबरमध्ये क्रोमनं ठरवलं, की समोरच्याची संख्या साधारण १,०२४ बिटांपेक्षा लहान असेल तर त्याच्याशी बोलायचंच नाही. बँका, दुकानं, वर्तमानपत्रं यांनी आपापले संगणक चार दिवसांत सुधारले. पण भिंतीवरच्या डबीला कोण सुधारणार? तिच्या कारखान्यात पाच-सात वर्षांपूर्वी ५१२ किंवा ७६८ बिटांची संख्या भरलेली होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसे हे राउटर, स्विच आणि कार्यालयातले छपाईयंत्र एका रात्रीत ब्राउझरच्या दृष्टीनं संशयित ठरले.

त्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत मी हे पाहिलं. व्यवस्थापक वैतागून नेटवाल्या मुलाला सांगत होते, “अरे बाळा, कालपर्यंत उघडत होतं. आज हा म्हणतो किल्ली कमजोर आहे. माझी किल्ली तर माझ्या खिशात आहे!” मुलगा हुशार होता. म्हणाला, “साहेब, रात्री ब्राउझरनं स्वतःला अपडेट केलंय. बिघाड राउटरमध्ये नाही, आणि ब्राउझरमध्येही नाही.” त्यानं फायरफॉक्सच्या आतल्या, एरवी कोणी न उघडणाऱ्या सेटिंगच्या यादीत जाऊन डिफी-हेलमनच्या जुन्या पद्धतीच्या दोन ओळी बंद केल्या. ती वाट बंद झाल्यावर ब्राउझर आणि राउटर यांनी किल्ली ठरवण्याची दुसरी पद्धत निवडली आणि पान उघडलं. हा उपाय त्या काळी जगभर चालला. तो बरा अशासाठी, की त्यात कुलूप काढून टाकलेलं नव्हतं, फक्त मोडकं कुलूप सोडून दुसरं लावलं होतं. पुष्कळांनी मात्र सोपा मार्ग धरला. एक जुनाट ब्राउझर शोधून काढला, त्यातली सुरक्षेची बटणं सगळी खाली ओढली आणि मग त्याच ब्राउझरनं बँकेचे व्यवहारही सुरू ठेवले. याला म्हणतात आगीतून फुफाट्यात.

इथं कोणी विचारेल, की हा नकार एका विशिष्ट वर्षाचा झाला. पण नव्या कोऱ्या राउटरवरही ब्राउझर लाल त्रिकोण दाखवतो, तो का? त्याची हकीकत वेगळी आहे.

पलीकडचा संगणक खरोखर तोच आहे ना, हे ब्राउझर एका दाखल्यावरून ठरवतो. हा दाखला देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था असतात आणि त्यांची यादी ब्राउझरजवळ असते. आता आपल्या राउटरचा पत्ता पुन्हा बघा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मार्च १९९४ मध्ये खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले, कारण इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सारे मिळून ४३० कोटींच्या आतबाहेर पत्ते आणि ते संपत चाललेले. युक्ती चांगली होती. प्रत्येक घरानं आतल्या आत तेच आकडे वापरायचे. पण याचा अर्थ असा, की मुंबईतल्या प्रत्येक चाळीत ‘खोली नंबर १’ असते, तसा हा पत्ता घरोघरी आहे. ‘खोली नंबर १ मध्ये राहणारे गृहस्थ हेच’ असा दाखला कोण देणार, आणि कोणत्या चाळीपुरता? काही संस्था असे दाखले देत असत. पण ते धोक्याचं आहे हे ओळखून त्यांच्या आणि ब्राउझरवाल्यांच्या संयुक्त मंडळानं १ नोव्हेंबर २०१५ नंतर ते बंद केले. राउटर मग काय करतो? स्वतःच स्वतःचा दाखला लिहितो आणि खाली स्वतःच सही करतो. ब्राउझर तो बघतो आणि म्हणतो, हा कागद मी मानत नाही. त्याच्या जागी आपण असतो तरी मानला नसता.

शिवाय त्या कागदावरची सही तरी त्याची एकट्याची आहे का? २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या इंटरनेटवरच्या किल्ल्या गोळा करून त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. हजारो यंत्रांच्या किल्ल्या एकसारख्या निघाल्या, आणि आणखी हजारोंच्या किल्ल्यांमध्ये एक अवयव सामाईक निघाला. शाळेत शिकलेला मसावि इथं कामाला आला! दोन किल्ल्यांचा मसावि काढला की दोन्ही उघडतात. यात बहुतेक राउटर आणि तशीच छोटी उपकरणं होती. कारण काय, तर नवी डबी पहिल्यांदा सुरू होते तेव्हा तिच्या आत कसलीच गडबड नसते. कीबोर्ड नाही, माऊस नाही, घड्याळही शून्यावर. अंदाज लागू नये असा आकडा ती आणणार कुठून? १९९५ ची नेटस्केपची चूक १७ वर्षांनी, हजारो डब्यांत. नोव्हेंबर २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या सेक कन्सल्ट या संस्थेनं ४ हजारांवर उपकरणांचे आतले प्रोग्रॅम तपासले, तर त्यांत अवघ्या ५८० वेगवेगळ्या खाजगी किल्ल्या सापडल्या. एकाच साच्यातून काढलेली किल्ली कंपनीनं प्रत्येक डबीत घातली होती. पुढं नेटगिअर कंपनीनं आपल्या राउटरसाठी खरा, मान्यताप्राप्त दाखला मिळवला. पण राउटरनं तो वापरायचा तर त्याची गुप्त किल्लीही डबीतच ठेवावी लागते, आणि डबीतला प्रोग्रॅम कोणालाही उतरवून घेता येतो. जानेवारी २०२० मध्ये संशोधकांनी ती किल्ली काढून दाखवली.

हे सारं ठीक, पण माझ्या घरातल्या राउटरवर बाहेरचा चोर येतोच कशाला, असा प्रश्न उरतो. याचं उत्तर असं, की तो बाहेरून येत नाही; तुमच्या ब्राउझरच्या खांद्यावर बसून येतो. तुम्ही एखादं पान उघडता. त्या पानात लपलेली आज्ञा तुमचा ब्राउझर निमूटपणे पाळतो, आणि तुमचा ब्राउझर तर घराच्या आतच आहे. जावा भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅमचा वापर करून बाहेरचं संकेतस्थळ आतल्या संगणकांपर्यंत पोचू शकतं, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ड्रू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलक यांनी १९९६ च्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. २००७ मध्ये इंडियाना विद्यापीठ आणि सिमँटेक कंपनीतल्या संशोधकांनी हेच राउटरवर वापरून पाहिलं. बहुतेक घरांत राउटरचं नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’, तेव्हा पान नुसतं बघितलं तरी राउटरची सेटिंग बदलता येत होती. वर्षभरात, जानेवारी २००८ मध्ये मेक्सिकोत हे प्रत्यक्ष घडल्याची बातमी आली. शुभेच्छापत्राचा ई-मेल उघडला, की त्यातलं एक न दिसणारं चित्र राउटरला आज्ञा देई. मग बँकेचा बरोबर पत्ता टाकूनही माणूस भलत्याच, हुबेहूब बँकेसारख्या दिसणाऱ्या पानावर पोचे. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या दरम्यान मोडेममधल्या एका दोषातून सुमारे ४५ लाख मोडेमची सेटिंग अशीच बदलली गेली. तिथं हल्ला थेट इंटरनेटवरून झाला होता, पण गंडा तोच.

आपल्याकडंही हा अनुभव आहे. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली आणि गावोगावी मोडेम पोचले. सोबतचा तयार पासवर्ड बदलायची सवय मात्र पोचली नाही. जुलै २०१७ मध्ये अशा मोडेमवर एक दुष्ट प्रोग्रॅम तुटून पडला आणि सुमारे ६० हजार मोडेम बंद पडल्याच्या बातम्या आल्या. मोडेम चोरायचा नव्हता, लुटायचं काही नव्हतं. नुसतं निकामी करायचं होतं.

तेव्हा दुधानं तोंड पोळलेले ब्राउझरवाले ताकही फुंकून पिऊ लागले, तर नवल नाही. त्यांची दुसरी अडचण होती ती आपण. २००८ च्या जूनमध्ये फायरफॉक्सनं पानभर इशारा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी केवढा आरडाओरडा केला! पण इशारा वाचतो कोण? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं, की क्रोमचा असा इशारा आल्यावर ७० टक्के वेळा लोक तसेच पुढं जात होते. फायरफॉक्समध्ये ३३ टक्के. लांडगा आला रे आला, असं रोज ओरडलं की हेच होणार. आणि मला वाटतं, या सवयीत राउटरचा वाटा मोठा आहे. ज्याला रोज आपल्याच डबीसाठी ‘धोका पत्करून पुढं जा’ हे बटण दाबावं लागतं, तो बँकेच्या बाबतीतही ते डोळे मिटून दाबेल. त्यामुळं काही बाबतींत ब्राउझरनं बटणच काढून टाकलं. दुबळी किल्ली, जुनी पद्धत, तर वाद नाही आणि सवलतही नाही.

अशी शेवटची मोठी सफाई झाली ती २०२० साली. एसएसएलची गादी १९९९ मध्ये टीएलएस नावाच्या पद्धतीकडं गेली होती. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्या मार्च २०२० पासून बंद करायच्या, असं अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चौघांनी ऑक्टोबर २०१८ मध्येच मिळून जाहीर केलं होतं. ठरल्याप्रमाणे फायरफॉक्सनं त्या बंद केल्या आणि नेमका करोना आला. लोकांना साथीची माहिती हवी आणि काही सरकारी संकेतस्थळं अजून जुन्याच पद्धतीवर! फायरफॉक्सनं निमूटपणे ते दार पुन्हा उघडलं आणि जूनच्या अखेरीस परत लावून घेतलं. क्रोमनं जुलैमध्ये तेच केलं. सरकारी संकेतस्थळांसाठी दार उघडावं लागतं, घरातल्या डबीसाठी ते कोणी उघडत नाही, हा त्यातला भेद ध्यानात घेण्यासारखा आहे.

ब्राउझरवाल्यांची बाजू मला पटते. तरीही माझी एक तक्रार उरते. राउटर तयार करणारी कंपनी वर्षा-दोन वर्षांत त्या मॉडेलकडं पाठ फिरवते आणि ब्राउझर दर महिन्याला नवा होतो. या दोघांच्या मध्ये सापडतो तो ज्याच्या घरात डबी आहे तो माणूस. चालू स्थितीतली, दिवे लागणारी वस्तू केवळ तिचं पान उघडत नाही म्हणून भंगारात जाते. रेडिओ जुना झाला म्हणून आकाशवाणीनं त्याला कधी केंद्र ऐकू देणं बंद केलं नव्हतं. आणि निर्यातीचा कायदा करणाऱ्यांपैकी कोणालाही याचा भुर्दंड बसला नाही.

मग दार उघडेना तर करायचं काय? पहिली गोष्ट, चिडून सगळी सुरक्षा बंद करायची नाही. इशाऱ्याची ओळ नीट वाचायची. ‘दाखला ओळखीचा नाही’ असं असेल, पत्ता तुम्ही स्वतः टाकला असेल आणि तुम्ही घरच्याच जाळ्यात असाल, तर पुढं जायला हरकत नाही; शक्यतो वाय-फायऐवजी वायर लावून जावं. कधीकधी गोष्ट त्याहूनही साधी असते. ब्राउझर काही वेळा सुरक्षित पत्ता आधी शोधतो. साध्या राउटरला ते झेपत नाही. अशा वेळी आकड्याच्या आधी नुसतं ‘एचटीटीपी’, शेवटच्या ‘एस’शिवाय, मुद्दाम टाकलं की पान उघडतं. ‘किल्ली कमजोर’ किंवा ‘पद्धत जुनी’ असं असेल तर खरा उपाय राउटरमधला प्रोग्रॅम नवा करणं हाच. कंपनीचं फोनवरचं अ‍ॅप असलं तर ते काम तिथून होतं. नाहीच जमलं, तर एखाद्या जुन्या संगणकावर जुना ब्राउझर ठेवावा, इंटरनेटची मुख्य वायर राउटरमधून काढावी, तेवढ्यापुरतं काम उरकावं आणि तो ब्राउझर पुन्हा दुसऱ्या कशालाही वापरू नये. मागच्या बाजूचं बारीक भोक सुईनं दाबून राउटर कोरा करण्याचा मार्ग शेवटचा. त्यानं सेटिंग जातात, पण जुनी किल्ली बहुधा जुनीच राहते.

अलीकडं या हकीकतीत आणखी एक पान जोडलं गेलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅपलच्या संगणकांची नवी प्रणाली आली आणि ब्राउझरला घरातल्या इतर उपकरणांशी बोलायचं तर आधी मालकाची परवानगी हवी, असं तिनं ठरवलं. पहिल्यांदा विचारणा झाली तेव्हा घाईत ‘नको’ म्हटलेल्या अनेकांना नंतर राउटरचं पान दिसेना, आणि पत्ता सापडत नाही एवढाच निरोप मिळू लागला. सेटिंगमध्ये खाजगीपणाच्या भागात ‘स्थानिक नेटवर्क’ असं लिहिलेलं असतं, तिथं ब्राउझरच्या नावासमोरची खूण चालू केली की काम होतं. ऑक्टोबर २०२५ पासून क्रोमही बाहेरच्या संकेतस्थळांबाबत असंच विचारू लागला आहे. बातम्या वाचत असताना किंवा खरेदी करताना एक छोटी चौकट येते आणि म्हणते, या संकेतस्थळाला तुमच्या घरातली उपकरणं शोधायची आहेत, शोधू द्यायची का? छपाईयंत्र जोडणं वगैरे काही त्या घटकेला चालू नसेल, तर ‘नाही’ म्हणावं.